उठवायचा गडी

संस्थानाच्या दिवसांत आमच्या शिवऱ्याच्या हुतुतू संघात कामाचा गडी एकच होता. बाकीचे निव्वळ भुईला भार! एक नुसताच शड्डू ठोकायचा, कप्तानाचा दम तर निम्म्या वाटेत तुटायचा.

पटकीच्या साथीत नेमका तो कामाचा गेला.

पुढं कामथडीला आम्ही एक गडी कमी घेऊनच उतरलो. हुतुतूत बाद झालेला ‘मेला’ म्हणून रेषेबाहेर बसतो आणि समोरचा एक मारला की उठतो. पहिल्याच चढाईत आम्ही त्यांचा एक मारला. पंच परगावचा, त्याला काय ठाऊक. आमचे गडी मोजून ओरडला, “तुमचा एक मेलाय न्हवं? उठवा की त्याला!”

आणि सवयीनं आमचे सगळेच गडी रेषेबाहेर बघायला वळले.