नजरेचं काम

बन्सीभाऊ खटक्यांनी नऊ वर्षांत एकही रजा घेतली नव्हती, आणि आमच्या कारखान्यात त्याचं फार कौतुक होतं. चिकलठाण्याच्या त्या कारखान्यात, संगणक विभागात आम्ही सहा जण. दिवसभर आम्ही प्रोग्रॅममध्ये जे बदल करायचो, ते एकत्र करून, तपासून, स्टोअरच्या आणि फाटकावरच्या संगणकांवर चढवायचं काम बन्सीभाऊंचं. पूर्वी हाताने करताना चार तास मोडत. त्यांनी एक छोटा प्रोग्रॅम लिहिला आणि सगळं अर्ध्या तासात आपोआप होऊ लागलं. कुणाच्या कामात चूक सापडली की तो जागीच थांबायचा. मग बन्सीभाऊ मान वळवून विचारायचे, "कुणाचं मेंढरू लंगडतंय रं?" घराणं मेंढपाळाचं, सोयगावकडचं. बोलीही तीच राहिली होती.

मात्र अगदी शेवटी पडद्यावर इंग्रजी अक्षरांत एक प्रश्न यायचा: 'बघितलं का?' बन्सीभाऊ आम्हाला तोंड फिरवायला लावत, काहीतरी टाइप करत, आणि मगच काम पुढे सरके. नेमकं काय बघता, म्हणून मी एकदा विचारलं.

"नजरंचं काम हाय ते. सांगून येत नाय."

नामांतराच्या आंदोलनाचे ते दिवस. शहर बंद असलं की मी गारखेड्यात घरी बसून असायचो, पण बन्सीभाऊंना आणायला कंपनीची जीप थेट हर्सूलला त्यांच्या घरी जायची. "माझ्याबिगर गाडं हलतच नाय," असं ते छाती काढून सांगायचे. मला हेवा वाटायचा, खोटं कशाला बोलू.

त्यांचे वडील, तात्या, म्हातारपणीही मेंढरांमागे हिंडत. वर्षातून एकदा त्यांचा कळप हर्सूल तलावाशी यायचा, दिवसभर थांबायचा आणि अंधार पडायच्या आत पुढे जायचा. पुढे कुठल्या शेतात बसणार, ते त्यांनाच ठाऊक नसे. बापलेकांची भेट तेवढीच. त्या वर्षी निरोप आल्यावर बन्सीभाऊंनी साहेबांना विचारून काम दुपारी तीनलाच लावलं. तात्यांसाठी घेतलेलं धोतर सायकलच्या हँडलला पिशवीत लटकत होतं.

मेंढरू लंगडलं ते नेमकं माझं. एकदा नाही, तीनदा. मी दुरुस्त करायचो आणि प्रोग्रॅम पुन्हा माझ्यावरच येऊन अडायचा. पाच वाजले तेव्हा मी अगदी रडकुंडीला आलो. "भाऊ, उत्तर काय द्यायचं तेवढं सांगा. बाकी मी चढवतो. तुम्ही निघा."

त्यांनी एकदा घड्याळाकडे बघितलं.

"नाय. तू कर दुरुस्त. मी थांबतो."

ते तलावावर पोचले तेव्हा तिथे फक्त लेंड्या होत्या. धोतर दुसऱ्या दिवशीही हँडललाच होतं.

उन्हाळ्यात तात्या गेल्याची तार आली. बन्सीभाऊंनी ती वाचून खिशात ठेवली, काम लावलं, आणि प्रश्न आल्यावर उठून मला खुर्चीत बसवलं.

"टाइप कर."

"काय?"

"काय बी."

मी माझं नाव टाइप केलं. काम बिनबोभाट पुढे गेलं. मला त्यांचा भयंकर राग आला.

"समदं आपोआप झाल्यावर मला कोण इचारणार व्हतं?" ते म्हणाले. "म्हणून वाघूर लावली." मेंढरं कोंडायच्या जाळीला ते वाघूर म्हणत. "आत मीच घावलो. भायेर यायचं तर समद्यांना सांगावं लागलं असतं, की हितं बघायला कायबी नव्हतं. त्या दिवशी तुला बी सांगवंना."

त्याच दिवशी ते गावाकडे गेले, ते परत आले नाहीत. तात्यांची मेंढरं त्यांनी हाती घेतली, एवढं कानावर आलं. त्यांच्या खुर्चीत मी बसलो. तो प्रश्न पुसायला एक ओळ खोडायची होती, आणि ती मी पहिल्याच दिवशी शोधून ठेवली होती.

महिन्याभरात साहेबांनी बोलावलं. "तो शेवटचा प्रश्न काढता येईल का? म्हणजे मग तिथे माणूसच बसवायला नको."

माझं नुकतंच लग्न ठरलं होतं.

"नाही साहेब," मी म्हणालो. "ते नजरेचं काम आहे."

लग्नाला मला एका दिवसाची सुट्टी मिळाली. संध्याकाळी जीप मांडवाच्या दाराशी उभी होती.