उन्हात वाळवलेले कागद

देवीवर माझा राग होता असं मी म्हणणार नाही. रागवायलासुद्धा समोर कोणीतरी आहे असं वाटावं लागतं. नव्वदीच्या दशकाच्या अखेरीस मी झांबियातून नाशिकला कायमचा परत आलो, तेव्हा मला तसं काहीच वाटत नव्हतं. सोळा वर्षं मी लुसाकातल्या एका शाळेत गणित शिकवलं. परतायच्या नऊ महिने आधी माझी पत्नी मालती तिथेच गेली. मूलबाळ नाही. इंदिरानगरातल्या फ्लॅटमध्ये सामान लावून झालं आणि मग करायला काही उरलं नाही. दूधवाल्याखेरीज दाराची बेल कोणी वाजवत नसे. संध्याकाळी मी रेडिओ लावायचो, तो ऐकण्यासाठी नव्हे, घरात कोणीतरी बोलत राहावं म्हणून.

मालतीची गाडी मी मागोमाग जहाजाने मागवली होती. पांढरी, छोटी, जुनी गाडी. भाऊबंद म्हणाले, "अरे, तिथेच विकायची ना! इथे काय गाड्या मिळत नाहीत?" त्यांचं खरंच होतं. शिवाय मला गाडी धड चालवताही येत नव्हती. परवाना होता इतकंच. चालवायची ती. मी शेजारी बसून पेपर तपासायचो. तिच्या साड्या मी मन घट्ट करून वाटून टाकल्या, पण गाडीसाठी गिऱ्हाईक आलं तेव्हा किल्ली हातातून सुटेना. बस, एवढंच कारण.

मुंबईच्या गोदीत गाडी उतरली आणि अडकली. परदेशातून कायमचं परतणाऱ्याला आपली गाडी आणता येते, पण ती किमान वर्षभर त्याच्या मालकीची असावी लागते. गाडी मालतीच्या नावावर होती. ती गेल्यावर माझ्या नावावर झाली, त्याला जेमतेम आठ महिने झालेले. कस्टमचे साहेब सभ्य होते. म्हणाले, "सर, मला समजतं सगळं. पण त्याआधी गाडीवर तुमचा हक्क होता असा एक तरी कागद दाखवा. महिनाअखेरपर्यंत नाही मिळाला, तर गाडी लिलावात जाईल." मी लुसाकाला पत्रं पाठवली. उत्तर आलं नाही. नाशिक-मुंबई अशा किती खेपा झाल्या ते आठवत नाही. प्रत्येक खेपेला तीच निळी रेक्झिनची पिशवी, तेच कागद.

महिना संपायला दहा दिवस असताना मी सप्तशृंगीच्या गडावर गेलो. ती मालतीच्या माहेरची देवी. पिशवी बरोबर होती, ती घरी ठेवायचीही भीती वाटायची. नवरात्र तोंडावर आलेलं, गर्दी मावत नव्हती. देवीसमोर गेलो आणि काही मागताच येईना. गाडी माग, असं मन म्हणत होतं, पण ओठांवर आलं भलतंच. "तिला का नेलंस?" एवढंच विचारलं आणि खाली आलो.

परतीची एसटी मिळाली नाही म्हणून वणीहून जीप धरली. वाटेत झेंडूच्या पाट्या घेऊन एक बाई चढल्या. दाटीवाटीत पिशवी पायाशी ठेवली. पंचवटीत उतरलो, घरी आलो, कुलूप उघडताना हात रिकामा दिसला.

दोन दिवस जीपच्या अड्ड्यावर चौकशी केली. कोणाला काही ठाऊक नव्हतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी देव्हाऱ्यापुढे बसलो. मालती गेल्यापासून तिथे दिवा लागला नव्हता. तो लावला आणि म्हणालो, "आई, आता माझ्याच्याने होत नाही. गाडी जाऊ दे. तुला हवं ते कर." त्यात भक्ती कमी आणि थकवा जास्त होता, हे कबूल करतो. पण कितीतरी महिन्यांनी मी गाढ झोपलो.

तिसऱ्या दिवशी दुपारी बेल वाजली. दारात त्याच झेंडूवाल्या बाई, हातात माझी पिशवी.

"बाबा, ही तुमचीच ना? माझ्या पाट्यांसंगं उतरली, मला काय समजलंच नाय. फुलांवर पाणी मारलेलं, त्याच्यानं आतलं समदं वल्लं झालं. मंग सुनेनं अंगणात एकेक कागद वाळत घातला. वर बारके बारके खडे ठेवले, उडू नाय म्हणून. तिनंच पत्ता वाचला."

"अहो ताई, इतक्या लांब तुम्ही..."

"कामाचे कागद दिसले. आन् हे बघा, त्या गाडीच्या पुस्तकाला प्लास्टिक व्हतं ना, त्याच्या आत ही घडी व्हती. तीबी वाळवली. फाटली नाय."

गाडीच्या सर्व्हिसिंगचं ते पुस्तक मालतीचं. तिचं अक्षर बघवत नाही म्हणून मी ते कधी उघडलं नव्हतं. घडी उलगडली. तीन वर्षांपूर्वीची विम्याची पॉलिसी होती. मालकांच्या रकान्यात दोन नावं, तिचं आणि माझं. खाली माझी सही. ती म्हणाली असेल तिथे मी न वाचता केलेली. मी उंबऱ्यातच बसलो. बाईंनी स्वयंपाकघर शोधून पाणी आणून दिलं, आणि मला रडू दिलं.

साहेबांनी तो कागद दोनदा वाचला, वरिष्ठांना दाखवला आणि मान्य केला. आठवड्याभरात गाडी नाशिकला आली. योगायोग म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. मला एवढंच दिसतं, की पिशवी हरवली नसती तर ते पुस्तक मी जन्मात उघडलं नसतं. जे मी इतके महिने छातीशी धरून हिंडत होतो, ते सुटल्यावरच उघडलं, आणि तेही परक्या हातांनी.

मी पुन्हा शिकवणी लावून, वयाच्या साठाव्या वर्षी, गाडी चालवायला शिकलो. एकटेपण गेलं नाही. ते जावं अशी आता मागणीही नाही. पण दिंडोरी रस्त्यावर त्या झेंडूवाल्या बाईंचा मळा आहे, तिथे अधूनमधून जातो. बाईंची सून भाकरी वाढते आणि मी तिच्या मुलीची गणितं तपासतो.

पुढच्या चैत्रात गडावर गेलो. या वेळी प्रश्न नव्हता, मागणं नव्हतं. हात जोडून नुसता उभा राहिलो. किती वेळ ते कळलं नाही. मागून कोणीतरी हलकेच पाठीला हात लावला आणि म्हणालं, "चला बाबा, पुढे चला."

मी पुढे चालू लागलो.