डी नाव, दास नाव

माटिआस गेल्याची बातमी मला मीनाने नाही, तिच्या आईने दिली. सांगलीहून कुसुमताईंचा फोन आला. "आमचे जावई गेले रे. झोपेतच... मी निघतेच आहे, पण तू कोलोनमध्ये आहेस ना? आधी तू जा मीनाकडे." आवाज स्थिर होता. ट्रॅममध्ये मला 'आमचे' हा शब्द पुन्हा पुन्हा ऐकू येत राहिला. याच बाईंनी लेकीच्या लग्नानंतर पहिली काही वर्षं या माणसाशी बोलायचं नाकारलं होतं.

युरो नुकता सुरू झाला होता तेव्हा मीना, माटिआस आणि मी विद्यार्थी होतो. पाठीवर सॅक, खिशात रेल्वेचा पास. भटकंतीचा शेवटचा मुक्काम होता बेल्जियममधलं ब्रूज. कालव्यांचं गाव, विटांची घरं थेट पाण्यात उतरलेली. सकाळी धुकं इतकं दाट की घरं पाण्यावर तरंगतायत की पाणीच घरांवर चढलंय, कळत नव्हतं. हंस आधी ऐकू यायचा, मग दिसायचा... पुलाच्या कठड्यावर बसून मीना माटिआसला मराठी शिकवत होती. धुक्यातून एक होडी आली. "ही नाव," मीना म्हणाली. मग त्याच्या छातीवर हात ठेवून, "माटिआस, हे नाव." तो गोंधळला. जर्मनमध्ये 'डी' लागला की शब्द स्त्रीलिंगी, 'दास' लागला की नपुंसकलिंगी; लिंग पक्कं झाल्याशिवाय माटिआस शब्द उचलणार नाही. "आल्झो... डी नाव पाण्यात, दास नाव माणसाला?" "गेनाऊ! अगदी बरोबर!" मीनाने त्याला टाळी दिली. संध्याकाळपर्यंत 'माझं नाव माटिआस' त्याला बिनचूक येत होतं.

लग्न कोलोनला झालं. कुसुमताई आल्या नाहीत. फोन माटिआसने उचलला तर पलीकडून "मीना?" एवढाच प्रश्न येई. जर्मनीत फुटबॉलचा विश्वचषक झाला त्या उन्हाळ्यात त्या नातीला पाहायला आल्या. माटिआस समोर उभा असला तरी म्हणत, "मीना, त्यांना चहा हवाय का विचार." परत जायचे दिवस जवळ आले तेव्हा भांडी पुसता पुसता तो मला म्हणाला, "त्या अशाच गेल्या, तर मीना कधी बोलून दाखवणार नाही. पण विसरणारही नाही." दुसऱ्या दिवशी त्याने माळ्यावरून जुन्या सॅक काढल्या.

"या वयात पाठीवर बोजा? मी काय हमाल आहे?" कुसुमताईंनी मीनाला विचारलं. पण लेकीची लाल सॅक त्यांनी साडीवर चढवली आणि आत दशम्या भरल्या. ब्रूज तसंच होतं. तेच पूल, पाण्यात उलटी उभी तीच घरं. या वेळी आम्ही मोटरच्या होडीत बसलो. बाळ मीनाच्या मांडीवर झोपलेलं. पुलाखालून जाताना उजेड हिरवा झाला. माटिआस सासूबाईंकडे वळला आणि सावकाश म्हणाला, "आई... माझी नाव माटिआस."

कुसुमताईंनी होडी पुढून मागून न्याहाळली. "असं होय? मग वल्ही कुठं ठेवलीत, जावईबापू?"

मीना हसता हसता रडायला लागली. माटिआसला वल्ही म्हणजे काय ते कळलं नव्हतं, जावईबापू मात्र कळलं. तिथून पुढे त्या दोघांचं जे सुरू झालं ते थांबलं नाही. दर रविवारी फोनवर कुसुमताई विचारत, "काय जावईबापू, नाव काय म्हणतेय?" तो म्हणे, "चालते, आई." मीना चूक सुधारायला गेली की त्या तिलाच दटावत, "तू गप गं." ती चूक त्याने मुद्दाम केली होती का, हे मी त्याला एकदा विचारलं. तो फक्त "या, या..." म्हणाला. जर्मनमध्ये याचा अर्थ 'हो'. त्याच्या तोंडून तो होकार की टाळाटाळ, कसाही घेता येई.

इथे दारावरच्या घंटीशेजारी राहणाऱ्याचं नाव लागतं. ब्रूजहून परतल्यावर त्याने आपल्या पाटीवर नावापुढे एक छोटी होडी रंगवली होती. वल्ह्यांसकट. परवा मीनाकडे गेलो तेव्हा ती स्क्रूड्रायव्हर घेऊन खाली दारात उभी होती. इमारतीच्या देखभालवाल्याने सांगितलं होतं, पाटी बदलायची असेल तर बदला. कुसुमताई नातीचा हात धरून जिना उतरत होत्या. शेवटच्या पायरीवर थांबल्या.

"नाव राहू दे गं," त्या म्हणाल्या.

हे की ही, मीनाने विचारलं नाही. तिने स्क्रूड्रायव्हर खिशात टाकला.