वीस हेलकावे

"मी नाही मोजले," मी म्हटलं.

कॉलेजच्या प्रयोगशाळेत मी स्टुलावर बसले होते. समोर नातीचे सर, बाजूला नात, मागे तिच्या वर्गातल्या सात-आठ पोरी. सरांनी चांगल्या शब्दांत विचारलं होतं, "आजी, हिचे हेलकावे तुम्ही मोजले का?" मी वर आणखी बोलले, "मले काय येते मोजता, साहेब? मी चौथी शिकलेली बाई."

सरांनी नातीच्या पानावर लाल रेघ मारली. "शून्य. आकडे मनाने लिहिलेस ते लिहिलेस, वर म्हाताऱ्या माणसाचं नाव सांगतेस?"

नात माझ्याकडे पाहत राहिली. कारण मोजले मीच होते.

ती बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आहे. राळेगावहून यवतमाळला रोज एसटीने जाते. वस्तू कशी पडते, कशी हलते याचा तिला एक विषय आहे आणि ते सगळं कॅल्क्युलस म्हणतात त्या गणितात मांडावं लागतं. सरांनी काम दिलं होतं, की घरी लोलक टांगा, वेळ घ्या आणि पृथ्वी किती जोराने ओढते ते काढा. उत्तर नऊ दशांश आठच्या आसपास यायला पाहिजे.

तिने दाराच्या चौकटीला मीटरभर दोरा बांधून कुलूप लटकवलं. सून कापूस वेचायला गेली होती, घरात मीच होते.

"आजी, मी मोबाईलवर टाइम पाहतो. तू मोज. वीस झाले की सांग."

"मले नोकरीवर लावतं काय आता?"

"हो नं बुढे. पगार नाही भेटणार."

मी मनातल्या मनात मोजलं. जन्मभर धान्य मोजलं तसंच. पहिली पायली ओतताना 'एक'च्या जागी 'लाभ' म्हणायचं, मग दोन, तीन. तिने कुलूप सोडलं, की मी तिथेच लाभ म्हणायची. कुलूप एकदा जाऊन परत आलं, की दोन. तीनदा केलं. तिन्ही वेळा अडतीस सेकंद आले.

उत्तर अकराजवळ गेलं. तिने दोरा पुन्हा मापला, गणित पुन्हा केलं. मग मला विचारलं, "आजी, मोजण्यात चुकली नाही नं?"

"खळ्यावर माह्यासारखं मोजणारं कोणी नव्हतं," मी म्हटलं.

तिने विश्वास ठेवला. मैत्रिणी म्हणत होत्या, नऊ दशांश आठ लिहून मोकळी हो. तिने आलं तेच लिहिलं. सरांना तिन्ही आकडे सारखे आणि उत्तर चुकीचं, हे पटलं नाही. म्हणून ज्याने मोजलं त्याला घेऊन ये, असं त्यांनी सांगितलं.

मी तिथे पोहोचले तेव्हा शेजारच्या टेबलावर दोन पोरींचा तोच प्रयोग चालला होता. गोळा सोडताना एक पोरगी म्हणाली, "शून्य." तो जाऊन परत आला तेव्हा म्हणाली, "एक." माझी चूक मला तिथेच कळली. तेवढ्यात सरांनी विचारलं, आणि इतक्या शिकलेल्या पोरींसमोर माझ्या तोंडून 'नाही' असंच निघालं.

बसमध्ये तिने विचारलं, "काहून खोटं बोलली आजी?"

मी लाभापासून सगळं सांगितलं. ती ओरडली नाही. वही काढून तिने अडतीसला विसाऐवजी एकोणिसाने भागलं आणि पुढचं गणित केलं. नऊ दशांश आठ आलं. वेळेतली चूक उत्तरात दुपटीने येते, हे तिने त्याच वहीत आधी सिद्ध करून ठेवलं होतं. ते तिने मला दाखवलं.

"उद्या येतो मी. सांगतो सरले," मी म्हटलं.

"येशील?"

"येतो नं."

दुसऱ्या दिवशी गुडघे दुखतात म्हणून मी गेले नाही. गुडघे रोजच दुखतात. तिने एकटीने जाऊन सरांना सांगितलं. ते म्हणाले, "आता ही नवी गोष्ट का?" चार दिवसांनी गुणांची यादी लागली. तिच्या पुढे शून्यच होतं.

त्यानंतरही मी गेले नाही. एसटी रोज होती.

आता दर प्रयोगाला सर तिला विचारतात, "आज कोणी मोजलं? आजीने?" पोरी हसतात. ते ती ऐकून घेते. मी घरी असते.