एकविसाव्या मिनिटाला खाली बसलेली मुलगी

परवा शनिवारी स्टाफ मीटिंगमध्ये मी आमच्या हेडसरांना त्यांचाच व्हिडिओ दाखवला. दिघ्यातल्या आमच्या शाळेत, प्रोजेक्टरवर, सगळ्या शिक्षकांसमोर.

आधी मागचं सांगते. मी सोळा वर्षं मराठी शिकवतेय आणि गेल्या वर्षापासून ऑनलाइन मास्टर्स करतेय. विषय शिक्षकांचं प्रोफेशनल डेव्हलपमेंट, म्हणजे शिकवणाऱ्यानं स्वतः कसं शिकत राहायचं. कोर्सच्या आणि त्यासाठी वर्गात व्हिडिओ काढायच्या परवानगीच्या फॉर्मवर सही मागायला गेले तेव्हा हेडसर हसले होते. "ह्या वयात कशाला मॅडम? प्रमोशन तर मिळणार नाही."

ह्या सेमिस्टरला आपल्याच एका तासाचा व्हिडिओ काढायचा होता. काहीही कट न करता अपलोड करायचा आणि त्यावर लिहायचं. मी सहावीच्या वर्गात कपाटावर मोबाइल टेकवून ठेवला, शिकवलं आणि छान आठ पानं लिहून पाठवली.

कोर्सच्या गाईड मॅडमचा शेरा आला. एकच ओळ... "एकविसाव्या मिनिटाला एक मुलगी वाचायला उभी राहते. ती खाली का बसली?"

डोकंच फिरलं माझं. आठ पानांवर एवढंच? घरी बसून स्क्रीनवर बघायला काय जातंय ह्यांचं... एका वर्गात बासष्ट मुलं सांभाळून दाखवा म्हणावं!

रविवारी दुपारी खारघरला घरी जेवणं आटोपली आणि लॅपटॉप घेऊन बसले. तो व्हिडिओ पहिल्यांदाच पूर्ण बघत होते. खरं सांगते, आठही पानं मी आठवणीवरून लिहिली होती.

चौथ्या मिनिटाला शिपाईमामा नोटीस घेऊन सहीला. नवव्या मिनिटाला स्पीकरवरून सूचना. मग कोणाची तरी आई डबा द्यायला, शेजारच्या वर्गातल्या मॅडम स्टेपलर मागायला, पुन्हा मामा कसलीशी यादी घेऊन... पस्तीस मिनिटांत सात वेळा. मागे उभा राहून बघणारा माझा नवरा म्हणाला, "अगं, मग तू शिकवतेस कधी?"

आणि एकविसावं मिनिट. आरोही उभी राहिली (नाव बदललंय). जूनमध्ये साताऱ्याकडून आलेली मुलगी, वडील इथे एमआयडीसीत कामाला. वर्गात तिचा आवाज मी कधी ऐकलाच नव्हता. त्या दिवशी तिनं आपणहून हात वर केला, पुस्तक तोंडासमोर धरून दोन ओळी वाचल्या... आणि दारात हेडसर.

"मॅडम, आधार अपडेट किती जणांचं राहिलंय? वरून आकडा मागितलाय, पाच मिनिटांत पाठवायचाय. हात वर करा रे!"

आणि मी? मी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. हातानंच खूण केली, बस. आणि वर आलेले हात मोजत सुटले.

ती बसली. पुस्तक मिटलं. सर गेल्यावर पुढचा उतारा मी दुसऱ्याच मुलाला वाचायला दिला. उरलेला सगळा तास ती बाकाकडे बघत होती... आणि मला हे आठवतही नव्हतं!

राग कोणावर काढू, तेच कळेना. सरांवर, त्या आकड्यांवर, सोळा वर्षं ह्यालाच शिकवणं म्हणणाऱ्या माझ्यावर... ती आठ पानं डिलीट केली. नव्यानं पहिलं वाक्य लिहिलं, "ती बसली नाही, मी तिला बसवलं."

तर शनिवारची मीटिंग. हेडसर निकालपत्रक हातात घेऊन म्हणाले, "सहावीची मुलं धड वाचत का नाहीत? मराठीच्या शिक्षकांनी उत्तर द्यावं."

"देते सर," म्हटलं आणि लॅपटॉप जोडला.

स्क्रीनवर दारात ते स्वतः दिसले मात्र, सर ओरडले, "बंद करा ते! व्हिडिओ काढायला परवानगी कोणी दिली?"

"तुम्हीच सर. फॉर्मवर सही आहे तुमची."

"आकडा वेळेत गेला नाही तर बोलणी मला बसतात मॅडम! तुम्हाला काय माहीत?"

माझाही आवाज चढला. "तुम्हाला बोलणी बसतात म्हणून तुम्ही मला थांबवता. मी तिला खाली बसवते. तिनं कोणाला बसवायचं सर?"

चहाचा ट्रे घेऊन दारात उभे असलेले मामाच हळूच म्हणाले, "सर, मला पण वर्गात तुमीच पाठवता..."

सरांनी हातातलं निकालपत्रक टेबलावर ठेवलं. मग म्हणाले, "सोमवारपासून पहिले दोन तास वर्गात कोणी जायचं नाही. मी पण नाही." आणि उठून गेले. आज सकाळी माझ्या गुड मॉर्निंगला त्यांनी उत्तर दिलं नाही. नको देऊ देत.

आज प्रार्थनेआधी आरोहीला बाजूला घेतलं. म्हटलं, "त्या दिवशी तू वाचत होतीस आणि मी तुला बसवलं. चुकलं माझं."

तिनं माझ्याकडे बघितलं. तक्रार नाही, काही नाही... साधं सांगावं तसं म्हणाली, "मॅडम, तुम्ही सगळ्यांनाच बसवता की."

दुसऱ्या तासाला तिनं तो उतारा वाचला. अडखळत, दोन-तीन शब्द चुकत... पण पूर्ण. मध्येच दारावर टकटक झालीच! मी आतून कडी घातली होती. कोणी उठलं नाही आणि ती थांबली नाही.

गाईड मॅडमना मी अजून प्रत्यक्ष भेटलेली नाही. भेटले की त्यांचे मनापासून आभार मानणार आहे... आधी थोडं भांडून.