उजवीकडून पहिलं पान

परवा कपाट आवरताना डांबरगोळ्यांच्या वासासकट ते जपानी चित्रकथेचं जाडजूड पुस्तक हाती आलं. दादा सॉफ्टवेअरच्या नोकरीसाठी अमेरिकेला गेला, त्या वर्षीचं ते. तोवर दर रविवारी आम्ही दोघं बरकतपुऱ्याहून आबिड्सच्या फुटपाथवर जुनी पुस्तकं चाळायला जायचो. नंतर मी एकटीच जाऊ लागले आणि हे घेऊन आले. त्यातलं अक्षरही कळत नव्हतं, पण चित्रं बोलकी होती. आधी एका मुलाभोवती सवंगड्यांचा घोळका, बर्फाचे डोंगर, लढाया. मग एकेक सवंगडी कमी होत जातो आणि शेवटच्या चित्रात तो मुलगा पाठीला पिशवी अडकवून आपल्या घरासमोर उभा. दारात त्याची धाकटी बहीण. आला बाई एकदाचा घरी, असं म्हणत मी ते पान रोज बघायची. पुढच्या रविवारी मी पुस्तकवाल्या चाचांना तो शेवट मोठ्या कौतुकानं दाखवला. ते उर्दू पेपर बाजूला ठेवून हसले. "उलटा पढ़ रे तुम, बेटा. ये सीधे हाथ से खुलता, हमारे अखबार सरीका. ये तो पैला पन्ना है." मी तिथेच उकिडवी बसून उजवीकडून पानं उलटली. मुलगा घरातून निघाला, वाटेत त्याला एकेक सवंगडी भेटत गेला, घोळका वाढत गेला. हल्ली दादाचा फोन येतो तेव्हा मागे त्याच्या तिकडच्या मित्रांचा गलका असतो. दारातली ती बहीण मात्र पुढे कुठल्याच पानावर नाही. मी सगळी शोधली आहेत.