फ्लेक्सवरचा लाल गोल

मंडळी, आज आमच्या कारंजा गावात प्रमोदचा सत्कार झाला. एकेकाळी माझ्यासोबत फुटबॉल खेळणारा प्रमोद आता देशाच्या टीमचा कोच आहे. आणि मी? चौकात खत-बियाण्याचं दुकान चालवतो.

सकाळी शटर उघडलं तर समोर भलामोठा फ्लेक्स. आमच्या जुन्या टीमचा फोटो, एका चेहऱ्याभोवती लाल गोल, खाली 'कारंज्याचा अभिमान'. गोल माझ्या चेहऱ्याभोवती होता!

तेव्हा आम्ही दोघंही काडीपैलवान, दोघांनाही मिशा. फ्लेक्सवाला चुकला.

बायको म्हणाली, "जाऊन सांगा ना त्या फ्लेक्सवाल्याले."

"मी काऊन सांगू?" म्हटलं, आणि दिवसभर गिऱ्हाईक सोडून तिकडेच पाहत बसलो.

संध्याकाळी प्रमोदनं फ्लेक्स पाहिला. आयोजक तो काढायला धावले. प्रमोद हसला. "राहू द्या ना भाऊ. खरा प्लेअर हाच होता. मी बाहेर बसून याचा खेळ पाहत राह्यलो, तेच आज कामी येऊन राह्यलं."

टाळ्याच टाळ्या. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड!

अरे, थोडा माज तरी करायचा होतास! आता याच्यावर जळायचं तरी कोणत्या तोंडानं, सांगा तुम्हीच.